सरकारी सोयर

जाईबाई देव मानत नसे, आणि बिरोबाच्या निवदाची पुरणपोळी साऱ्या बोरवाडीत तिच्याइतकी चांगली कुणाला जमत नसे. या दोन गोष्टी एकाच बाईत कशा मावतात, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडायचा. मग मी तिच्या हातची पोळी खाल्ली आणि प्रश्न सोडून दिला.

मी साताऱ्याची. मंगळवार पेठेत वाढले, मिरजेत नर्सिंग शिकले, आणि सरकारनं मला उचलून मिरज-जत रस्त्याच्या आडबाजूला बोरवाडीत नेऊन टाकलं. तिथं मेंढरं होती, बाभळी होती, पावसाची वाट बघणारी ज्वारी होती. पाऊस सांगून यायचा नाही आणि एसटी सांगूनसुद्धा यायची नाही. मी स्वतः सोमवार करते, आजही चुकवत नाही. तेव्हा हे एका नास्तिकानं दुसऱ्या नास्तिकाचं केलेलं कौतुक आहे असं कुणी समजू नये. माझं डोकं लवकर तापतं, एवढंच. आणि चौसष्ट साली ते देवावर नाही, सरकारवर तापलं होतं.

जाईबाई तेव्हा पन्नाशीला टेकली होती. उंच, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. देव मानत नाहीस तर कुंकू कशाला, असं कुणी टोकलं की म्हणायची, कुंकू नवऱ्याचं आहे आणि नवरा मला रोज दिसतो. तिचा बाप मेंढपाळ. लहानपणी बापानं देवाच्या दगडापुढं ठेवलेला निवद तिनं गुपचूप उचलून खाल्ला, आणि पोटात कळ कधी येते याची दिवसभर झाडाखाली बसून वाट पाहिली. कळ आली नाही. "पुरण मातूर लय ब्येस हुतं," एवढंच ती त्याबद्दल सांगायची. त्या दिवसापासून तिचं आणि देवाचं मिटलं. भांडण नाही, बोलणंही नाही.

गावात एका बाईच्या अंगात दर मंगळवारी देवी यायची आणि हरवलेल्या वस्तूंचा पत्ता सांगायची. जाईबाईनं एकदा शेळी हरवल्याचा बोभाटा केला आणि हळदकुंकू घेऊन देवीपुढं जाऊन बसली. देवीनं घुमत घुमत सांगितलं, शेळी उगवतीला गेली, ओढ्यापलीकडं बघा. तेवढ्यात देवीच्याच मागच्या परड्यातून शेळी ओरडली. जाईबाईनं ती सकाळीच तिथं नेऊन बांधली होती. जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून घरोघर गेल्या, आणि पुढचे काही मंगळवार देवीची तब्येत बरी नव्हती.

तिचा नवरा आप्पासो म्हणजे अगदी उलटं. दर अमावस्येला अनवाणी डोंगरावरच्या बिरोबाला जाणारा सरळ माणूस. ती त्यांना भाकरी, चटणी आणि निवद बांधून द्यायची आणि पोळीवर तूप ओतताना हात आखडायची नाही. देव खाईल न खाईल, माणसं तरी खातात, असं तिचं म्हणणं. आप्पासो देवापुढं एकदा स्वतःसाठी आणि एकदा तिच्यासाठी डोकं टेकायचे. "माझ्या वाटणीचं टेकू नगासा, तुमचंच डोस्कं दुखंल," असं ती चिडवायची. ते हसायचे आणि पुढच्या अमावस्येला पुन्हा टेकायचे.

आप्पासोंचा सगळा भार कौलावर. देवाच्या अंगाला दोन ओली फुलं चिकटवायची, मनातलं विचारायचं आणि बघत बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर कर, डावं पडलं तर नको. पेरणी कधी करायची, बैल विकायचा का, सोयरीक जमवायची का, सगळं ते फुलांना विचारून करत. त्यांची एकुलती लेक तारा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली, तेव्हाही गाडी जुंपून मिरजेला न्यायचं का, हे विचारायला ते डोंगर चढून गेले. वारं पडलेलं होतं. ऊन चांगलं वर येईपर्यंत दोन्ही फुलं जागची हलली नाहीत. ते परत येऊन गाडी जुंपेपर्यंत उशीर झाला. तारा वाटेतच गेली, पोटातल्या बाळासकट.

गावातली माणसं सांगायची की तेव्हापासून जाईबाईचा देवावरचा विश्वास उडाला. हे ऐकलं की ती भडकायची. "माझा देव त्येच्या लय आदी गेला हुता, बाई," ती मला म्हणाली होती. "बाईमाणसानं देव सोडला म्हंजी तिच्यावर कायतरी कोसळलंच असंल, असं ह्यास्नी वाटतं. माझं डोस्कं चालतं म्हणून सोडला, हे कुणालाच पटत न्हाई." तारेवरून मात्र नवऱ्याला ती कधी एक शब्द बोलली नाही. आप्पासोंनीही तो विषय कधी काढला नाही. त्या घरात बसलं की मला त्या न बोलण्याची भीती वाटायची.

कायद्यानं ग्रामपंचायतीत दोन बायका घ्याव्या लागायच्या. सरपंच भाऊसोंनी एक आपली चुलती रंगुबाई घेतली, जी बैठकीत फक्त डुलक्या काढायची. दुसरी घेतली जाईबाई, कारण देवभक्त आप्पासोंची बायको म्हणजे गरीब गाय असणार असा त्यांचा अंदाज. भाऊसो माणूस वाईट नव्हते. पण त्यांचा हा अंदाज इतका चुकला की पुढं ते कुठलाच अंदाज बोलून दाखवेनासे झाले. जाईबाई म्हणायची, घरातलं देवाचं खातं नवऱ्याकडं आहे, सरकारचं माझ्याकडं. आणि हे खातं तिनं मनापासून सांभाळलं. गावाला प्रसूतिगृह पाहिजे म्हणून ती तालुक्याला जाऊन पंचायत समितीच्या सभापतींच्या व्हरांड्यात भाकरीचं फडकं सोडून बसायची. साहेब बाहेर आले की त्यांनाही अर्धी भाकरी पुढं करायची. शेवटी सभापती भाकरीला कंटाळले आणि मंजुरी आली.

सरकारनं सिमेंट आणि पत्रे दिले, दगड गावानं वाहिले. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, आत बाळंतपणाचं लोखंडी टेबल आणि खाटा. चैत्रात इमारत उभी राहिली आणि भाऊसोंनी तिला कुलूप घातलं. उद्घाटन व्हायचं होतं ना.

वैशाखात सभापतींच्या घरी लग्न निघालं. मग पंतप्रधान वारले आणि सरकारी दुखवटा आला. तेवढं एक कारण मला पटलं. मग आषाढ लागला, आणि चातुर्मासात वास्तुशांत करत नाहीत असं कुणाला तरी आठवलं. पितृपंधरवडा आला आणि गेला. दसरा साडेतीन मुहूर्तांतला, तो चालला असता, पण सभापतींना सवड नव्हती. इमारत सरकारची, नर्स सरकारची, आणि तारीख मात्र पंचांगातून निघायची. मी तोवर गोठ्याशेजारच्या अंधाऱ्या खोल्यांत, कंदील धरून, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बाळंतपणं करत होते आणि माझं टेबल कुलपात गंजत होतं. मला शिव्या येत नाहीत असं नाही. पण सरकारी नोकरीत त्या मनातल्या मनात द्यायच्या असतात.

अखेर मार्गशीर्षात मुहूर्त निघाला. छापील पत्रिका आली. वर गणपती, त्याखाली पंचायत समितीचं नाव, त्याखाली वास्तुशांत आणि सत्यनारायणाची महापूजा, सभापतींच्या शुभहस्ते. ती पत्रिका पंचायतीच्या बैठकीत वाचली तेव्हा मीही तिथं होते. जाईबाई उठून उभी राहिली आणि तिनं भाऊसोंना विचारलं की ही पूजा घालणार कोण. भाऊसो म्हणाले, सरकार.

"मग सरकारचा देव कंचा?" जाईबाईनं विचारलं.

सगळे हसले. भाऊसोही हसले आणि म्हणाले, सत्यनारायणाचं कुणाला वावडं असतंय का? जाईबाई हसली नाही.

"वावडं न्हाई. तुमच्या घरात घाला, मी शिरा करून देते. माझ्या घरातबी देव हाय, मी त्येला कवा हलीवला न्हाई. पर सरकार माझंबी हाय. मी मत दिलंया. माझ्या सरकारनं माझ्या वतीनं कुणाच्या पाया पडायचं न्हाई."

भाऊसोंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की साऱ्या गावात नास्तिक तू एकटीच. ती म्हणाली, एकटी असले तरी गावातच राहते. मग बौद्धवाड्यातला जालिंदर कांबळे बोलला. तोही पंचायतीत होता. त्याच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून देव्हारा सोडला होता, आणि या इमारतीचे दगड त्यांनीही वाहिले होते. तो शांतपणे म्हणाला की आम्ही दवाखान्याला येऊ, पूजेला येणार नाही. मतं घेतली. जाईबाई आणि जालिंदर एकीकडं, बाकीची पंचायत दुसरीकडं, आणि रंगुबाई झोपेत भाऊसोंकडं.

"पूजा घातली तर कुणाचं काय जातंय?" भाऊसोंनी शेवटी विचारलं.

"चैतापास्नं कुलूप लावून बसलाय, त्येचं जातंय," जाईबाई म्हणाली.

गंमत म्हणजे बैठक उठताना प्रसादाचा शिरा करायचं काम पंचायतीनं जाईबाईलाच दिलं, कारण तिच्यासारखा शिरा दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. शिऱ्याशी माझं भांडण नाही म्हणून तिनं ते घेतलंसुद्धा. आणि इमारतीची राखण आधीपासून आप्पासोंकडं होतीच. किल्ली त्यांच्या करदोट्याला.

मला वेगळीच काळजी होती. जालिंदरची बायको हौसा हिचे दिवस भरत आले होते आणि मूल पायाळू होतं. डोकं वर, पाय खाली. तिचं पहिलं मूल अंधारात, जमिनीवर अडून गेलं होतं. हिला वेळेआधी मिरजेला हलवा असं मी तिच्या सासूला, दगडाबाईला, बजावलं होतं, आणि उद्घाटन झालं की जायचं ठरलंही होतं. पण बाळं पत्रिका वाचत नाहीत. पूजेच्याच दिवशी उजाडताना दगडाबाई धापा टाकत माझ्या दाराशी आली. मी जाऊन पाहिलं तर एक पाय बाहेर दिसत होता.

मिरजेची एसटी दुपारी. बैलगाडीत घालायचं म्हणजे तारेचंच पुन्हा. पायाळू मूल सोडवायचं तर बाईला टेबलाच्या अगदी कडेला घ्यावं लागतं आणि मूल स्वतःच्या भारानं खाली लोंबू द्यावं लागतं. तेव्हा कुठं डोकं सुटतं. जमिनीवर ते होत नाही. टेबल गावात एकच होतं आणि ते कुलपात होतं. भाऊसोंकडं गेले असते तर ते भटजींना विचारतो म्हणाले असते. म्हणून मी जाईबाईकडं पळाले. ती रवा भाजत होती. तिनं माझं निम्मंच ऐकलं, कढई चुलीवरून उतरवली आणि माझ्यापुढं चालू लागली.

आप्पासो अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून व्हरांड्यात बसले होते. आतली खोली त्यांनीच आदल्या दिवशी सजवली होती. काय झालंय ते मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. भाऊसोंनी बजावलंय, पूजेआधी आत कुणी पाऊल टाकायचं नाही, वास्तू अजून शांत झालेली नाही, असं ते सांगत राहिले. मग उठले आणि डोंगराकडं बघून म्हणाले, "थांबा वाईच. बिरोबाला इचारून येतो. लगीच येतो."

माझ्या तोंडात जे काही आलं होतं ते बाहेर पडलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. जाईबाईनं हात वर करून मला थांबवलं. तिनं आवाज चढवला नाही.

"इचारा," ती म्हणाली. "तवाबी इचारलंच हुतं."

आप्पासोंनी करदोट्याची किल्ली सोडली. ती कुलपाला लावली आणि तिथंच थांबले. जाईबाईनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून कुलूप काढलं. मग ते पायांत चपलाही न घालता बौद्धवाड्याकडं धावले. हौसाला खाटेवर घालून आणलं, तेव्हा एका बाजूला जालिंदर आणि त्याचा भाऊ होता, दुसऱ्या बाजूला एक शेजारी आणि आप्पासो. बौद्धवाड्यातल्या खाटेला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं.

खोलीत माझ्या टेबलाच्या पुढ्यातच चौरंग मांडलेला. चार कोपऱ्यांना केळीचे खुंट, चौरंगावर कोरं पांढरं कापड, तांब्याचा कलश, केळ्यांचा फणा, दारावर आंब्याचं तोरण. आवरायला वेळ नव्हता. हौसाला टेबलावर घेतलं. मला गरम पाणी पाहिजे होतं, जाईबाईनं व्हरांड्याबाहेर तीन दगडांची चूल मांडली आणि कलशच तिच्यावर चढवला. डोकं सुटेपर्यंतच्या त्या वेळेबद्दल मी जास्त लिहीत नाही. मी सोमवारचा महादेव आठवत होते, दगडाबाई बाबासाहेबांचं नाव घेत होती, आणि जाईबाई हौसाला "लाव जोर, माझी बाय, लाव" एवढंच म्हणत होती. मुलगी झाली. आधी निळी, मग लाल, आणि मग साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी रडली. पुसायला कोरं कापड लागलं. जाईबाईनं चौरंगावरचं ओढलं आणि पोरीला त्यात गुंडाळलं. बाहेर जालिंदर बसला होता, त्याला आणि खाट आणणाऱ्यांना तिनं फण्याची केळी वाटली.

मग ती परत आत आली, उघड्याबोडक्या चौरंगाकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मला वाटलं ताणामुळं हिला काहीतरी झालं.

"बाई," ती म्हणाली, "आता हितं सोयर लागलं."

मूल जन्मलं की त्या घराला सोयर लागतं. जन्माचा विटाळ. बाळंतीण ज्या खोलीत असते तिथं दहा दिवस देवाचं काही करत नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं की कुलूप काढतानाच डोक्यात होतं, ते मला आजही माहीत नाही. मी पुढं एकदा विचारलं होतं. "पोरगी काय म्या वडून काढली न्हवती," एवढंच म्हणाली.

ठरल्या वेळेच्या बऱ्याच नंतर हलगी वाजली आणि सभापतींची जीप आली. भाऊसो हार घेऊन पुढं, गाव मागं. भटजी सायकलवरून उतरले, पिशवी घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर एक पाय ठेवला, आणि आतून पोरगी रडली. भटजींनी पाय मागं घेतला. मी बाहेर येऊन काय झालं ते सांगितलं. भाऊसो लालबुंद झाले. नर्सबाई, तुम्हाला सस्पेंड करायला लावतो, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. सभापतींनी विचारलं, कुणाच्या हुकमानं उघडलं? मी तोंड उघडायच्या आत मागून आप्पासो म्हणाले, "किल्ली मी काढली, सायेब."

आप्पासोंवर ओरडणं म्हणजे देवळाच्या पायरीवर ओरडण्यासारखं होतं. मग तोडगे निघू लागले. भाऊसो म्हणाले, पूजा व्हरांड्यात मांडू. भटजी म्हणाले, छप्पर एकच आहे. भाऊसो म्हणाले, मग बाहेर मांडवात. भटजी म्हणाले, मांडवाची वास्तुशांत करायची का? बरं, नुसता सत्यनारायण तरी मांडवात घाला, असं सभापती म्हणाले. मग सामानाची चौकशी झाली. कापड पोरीच्या अंगावर होतं, कलशातलं पाणी बाळंतिणीला लागलं होतं, केळी खाऊन संपली होती. भटजींनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढच्या गावात आणखी एक पूजा होती आणि या गावातली टळल्याचं फार दुःख त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आता सरकारलाच सोयर लागलंया," आणि सारा मांडव हसला.

सभापतींना ते हसणं झोंबलं. बाळंतिणीला घरी हलवा, खोलीला कुलूप घाला, दहा दिवसांनी रीतसर पूजा करून उघडू, असं त्यांनी फर्मावलं. पुन्हा कुलूप. तेव्हा जाईबाई डोक्यावर पदर घेऊन पुढं आली. तिला इतकं मर्यादेनं वागताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिनं भटजींना नमस्कारसुद्धा केला.

"गुर्जी, ह्या धा दिसांत हितं दुसरी कोण बाळंत झाली तर?"

"मग तिथून पुढं दहा दिवस," भटजी म्हणाले.

"आन् तिच्या मागनं तिसरी झाली तर?"

भटजींच्या मिशीत हसू फुटलं. ती सभापतींकडं वळली. "सायेब, ही बाळंतपणाची खोली हाय. हिथलं सोयर कवाच फिटायचं न्हाई. फिटलं तर समजा की खोली बंद पडलीया." मग भाऊसोंकडं वळून तिनं अगदी सहज विचारलं, "भाऊसो, तुमच्या थोरलीचं दिस कवा भरत्यात?"

भाऊसोंची लेकही पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मांडवातून रंगुबाईंचा आवाज आला, पंचायतीत घेतल्यापासून पहिल्यांदाच: "ह्याच आठवड्यात."

"तिला गाडीत घालून मिरजंला धाडायचं, का हितलं कुलूप काढून ठिवायचं? तुमी सरपंच हायसा. तुमी सांगा."

तिचा आवाज या वेळी हसरा नव्हता. ती आप्पासोंकडं बघत नव्हती आणि आप्पासो जमिनीकडं बघत होते. गावाला तारेची आठवण करून द्यावी लागली नाही. भाऊसोंनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत टोपी घातली.

"ऱ्हाऊ द्या पूजा," ते म्हणाले. "कुलूप नगं."

सभापती राजकारणात उगीच नव्हते. त्यांनी वारं ओळखलं, व्हरांड्याच्या खांबाला बांधलेली फीत कापली आणि सरकारच्या आरोग्यसेवेवर लांबलचक भाषण केलं. पोरगी मधून मधून रडत होती आणि तेवढ्यापुरतं त्यांना थांबावं लागत होतं.

बौद्धवाड्यातली माणसं लांब लिंबाखाली बसली होती. ती प्रसाद घेत नसत, म्हणून अशा वेळी लांबच राहत. जाईबाई शिऱ्याचं पातेलं घेऊन त्यांच्याकडं गेली आणि सांगितलं की पूजा झालीच नाही, तेव्हा हा प्रसाद नव्हे, नुसता शिरा आहे. दगडाबाईनं पातेल्यात वाकून बघितलं, जणू फरक दिसतो का ते बघत होती, आणि उठली. मग सगळेच उठले. बोरवाडीत एका पंगतीला सारे बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. रंगुबाई जरा सरकून बसल्या, पण बसल्या. सकाळी अर्धवट सोडून मग घाईत उरकलेला शिरा थोडा करपला होता. कुणी बोललं नाही.

पुढचं सांगून टाकते. भाऊसोंची लेक त्याच आठवड्यात त्याच टेबलावर सुखरूप बाळंत झाली, आणि माझ्या सस्पेंड होण्याचा विषय भाऊसोंनी पुन्हा काढला नाही. मी बोरवाडीत होते तोवर पूजेचा मुहूर्त त्यांनी तीनदा काढला. प्रत्येक वेळी कुणीतरी बाळंत झाली. जाईबाई त्यांना भेटून सहानुभूती दाखवायची.

पण मला त्या दिवसातलं जे आठवतं ते दुपारचं. मांडव रिकामा झाला होता. हौसा झोपली होती, मी खिडकीशी कात्र्या पुसत होते. बाहेर पायरीवर आप्पासो बसले होते. सकाळपासून त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं. जाईबाई शिऱ्याची ताटली घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"तवा इचारत बसाय नगं हुतं," आप्पासो म्हणाले.

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या आता, तुमचा काय दोष. बायका तसं म्हणतात. ती तसं म्हणाली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "नगं हुतं."

आप्पासो रडायला लागले. तीही रडत असावी, तिची पाठ माझ्याकडं होती. मी कात्र्या तशाच हातात धरून उभी राहिले आणि मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं. मग जाईबाईनं नाक पुसलं आणि ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली.

"खावा आता," ती म्हणाली. "देवाचा न्हाई, सरकारचा हाय."

आप्पासोंनी शिऱ्याचा घास उचलला, सवयीनं कपाळाला लावला आणि मग तोंडात घातला. जाईबाई लिंबाकडं बघत राहिली.